सलाईन संपत आलंय

सकाळपासून डोकं तापलंय म्हणून लिहितेय, लांब होईल, ज्याला वाचायचंय त्यानेच वाचा.

आज धुळे-अमळनेर एसटीत माझ्या पुढच्या सीटवर दोन पोरी होत्या, नर्सिंगच्या. नाईट करून निघालेल्या, पिशवीतून युनिफॉर्म डोकावत होता. गाडी स्टँडबाहेर पडायच्या आत दोघी एकमेकींच्या अंगावर कलंडून झोपल्या. वाटेत एक काका चढले, चांगले धडधाकट, आणि उभे राहिल्या राहिल्या सुरू, अर्धं तिकीट काढायचं आणि वर सीटवर लोळायचं, आजकालच्या पोरींना काही सहनच होत नाही. चार लोक हसले पण. मी म्हटलं काका, त्या रात्रभर जागून आल्यात. तर म्हणे, मग काय झालं, आम्ही या वयात रात्र रात्र शेतात पाणी भरायचो.

पाणी भरायचो! आमचे आबा अजून भरतात, कारण लाईट येते रात्रीची. तो त्रास खरा आहे, नाही म्हणत नाही. पण आबा सकाळी घरी येऊन झोपतात हो, त्यांना उठवून कोणी लेक्चरला बसवत नाही.

माझी धाकटी बहीण जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीत चार दिवस घरी आली आणि पहिला अख्खा दिवस झोपली. मी उठवायला गेले तर माय म्हणाली, झोपू दे तिले. रात्री दोनच्या सुमाराला अंगणात काहीतरी वाजलं म्हणून बाहेर आले, तर ही कपडे वाळत घालायची दोरी धरून उभी, हात वर, डोळे अर्धे मिटलेले, आणि मला म्हणते, सिस्टर, आठ नंबरचं सलाईन संपत आलंय. दोरीवर आबांचा सदरा होता फक्त. मी तिला धरून बाजेवर आणून झोपवलं, सकाळी तिला काही आठवत नव्हतं. मला मात्र रोज आठवतं.

सकाळी वार्ड, दुपारी क्लास, रात्री केसबुक आणि केअर प्लॅन, सही मिळाली नाही तर परत लिहा. स्टाफ कमी म्हणून शिकायला आलेल्या पोरी बीपी घेतात, चादरी बदलतात, सॅम्पल घेऊन लॅबला पळतात, आणि चुकलं की पेशंटच्या नातेवाइकांसमोर अपमान. शिस्त लागते, मान्य, जिवाचा मामला आहे. कायमच्या सिस्टरांवरही लोड आहे, तेही मान्य. पण हिच्या हातून पहिला पेशंट गेला, म्हणजे हिची चूक नव्हती, म्हातारं माणूस होतं, ते गेल्यावर हिलाच बेड साफ करून नवी चादर टाकायला लावली आणि लगेच दुसरा पेशंट घेतला. एकोणीस वर्षांची पोर! तू जेवलीस का एवढंही कोणी विचारलं नाही. आणि आपण म्हणायचं सहन होत नाही.

डॉक्टरकीच्या पोरांचे हालही काही कमी नाहीत. रेसिडेंट डॉक्टरची ड्युटी आठवड्याला 48 तास असावी असं 1992 पासून कागदावर आहे, कोण पाळतं? 2024 मध्ये एनएमसीच्या, म्हणजे डॉक्टरकीचं शिक्षण बघणाऱ्या राष्ट्रीय आयोगाच्या, टास्क फोर्सने 74 तासांच्या वर नको म्हटलं, म्हणजे 48 चे 74 झाले आणि तेही मिळाले तर नशीब. निदान त्यांच्याबद्दल कोणी बोललं तरी. नर्सिंगच्या पोरींचा त्यात विषयच नाही.

बहिणीला मी टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 नंबर दिला होता, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, चांगली सोय आहे. ती म्हणाली आक्का, खोलीत आम्ही सहा जणी, बोलू कुठे?

खरं सांगू, काकांवर मी एवढी चिडले कारण तेच वाक्य मीही बोललेय. फर्स्ट इयरला तिचा फोन आला होता, आक्का, माले घर येवानं शे. आणि मी, मोठी शहाणी, म्हटलं सहन कर, तीन वर्षं काढ, आबांनी कापूस विकून फी भरलीय. ती गप्प झाली. त्यानंतर तिने मला कधी काही सांगितलं नाही, मला कळलं ते त्या दोरीपाशी.

माय आता ती दोरी मागच्या दाराला बांधते. कारण विचारलं तर सांगत नाही. एकदाच म्हणाली, पोर सुकी गयी मनी.

अमळनेर आलं तेव्हा त्या दोघींना मीच उठवलं. एक दचकून उठली आणि पहिल्यांदा हाताच्या घड्याळात बघितलं, मग माझ्याकडे, आणि सॉरी म्हणाली. मला सॉरी कशाला गं बाई! तिला म्हटलं घरी जाऊन झोप, तर म्हणे नाही आक्का, संध्याकाळच्या गाडीने परत जायचंय.

आज आमच्या पोरीचीही नाईट आहे. आता साडेनऊ झाले, फोन बंद लागतोय.