हात न लावता हँडमेड

सगळ्यात आधी राजीनामा टाका. घाबरू नका, लगेच कोणी सोडत नाही, नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असतो आणि आपल्याला जे करायचंय ते सगळं त्यात आरामात बसतं. हिंजवडीत दहा-बारा वर्षं काढली, रोज वाकडच्या पुलापाशी पाऊण तास क्लच दाबून बसलं, की प्रत्येकाला एक ना एक दिवस साक्षात्कार होतोच, की बास झालं ते एक्सेल, आता आपल्या हातांनी काहीतरी घडवायचं. चांगलं आहे. फक्त ते ‘हातांनी’ एवढं मनावर घेऊ नका. हात दुखतात. हँडमेड ब्रँड काढायला हात लागतात हे खरंय, पण ते आपलेच असले पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही.

सुरुवात नावापासून. एखादा संस्कृत शब्द शोधायचा, ज्याचा अर्थ आपल्यालाही गुगल करावा लागेल, तो इंग्रजीत स्मॉल लेटर्समध्ये लिहायचा आणि शेवटी एक ए जास्तीचा लावायचा. झालं नाव. लोगोत पगडी टाकायचा मोह होईल, आपण पुणेरी ना. पण पुणेरी पगडीला 2009 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा जरा जपून. आणि तसंही पगडी आता सत्काराच्या दिवशी डोक्यावर आणि उरलेलं वर्षभर शोकेसमध्ये, एवढंच तिचं काम राहिलंय, ती बांधणारा कुठे बसतो हे सत्कार घेणाऱ्यालाही माहीत नसतं. त्यापेक्षा लोगोत नुसता एक हात काढा. रेघांचा. मिनिमल.

मग आजी. आजीशिवाय ब्रँड उभाच राहत नाही. तुमची आजी जन्मभर बँकेत हेडक्लार्क होती, लोणचं कायम दुकानातून आणायची आणि पुरण वाटायचा कंटाळा म्हणून पोळ्याही बाहेरून मागवायची, तरी काही बिघडत नाही. तिचा नऊवारीतला फोटो शोधा, नसेल तर मावशीच्या लग्नाच्या अल्बममधून क्रॉप करा. खाली लिहा, ‘आजीच्या हातची चव’. नक्की कुठली ते लिहायचं नसतं. (माझ्या आजीच्या हातची खरी चव म्हणजे करपलेलं दूध, ती गॅसवर दूध ठेवून शब्दकोडं सोडवायची. त्या वासाची कँडल निघू शकते, विचार चालू आहे.)

आता माल. कसबा पेठेत तांबट आळी आहे. गाडी अजिबात नेऊ नका, मेट्रोने कसब्यात उतरा आणि चालत जा, पत्ताही विचारू नका, ठाक ठाक आवाज येईल त्या दिशेला वळायचं. पेशवाईपासून ही मंडळी इथे तांबं ठोकतायत. पूर्वी बंब, घंगाळं, हंडे, तपेली. गीझर आला आणि बंब गेला, बादली आली आणि घंगाळ गेलं, आता घंगाळ घेतात ते लोक त्यात पाणी भरून गुलाबाच्या पाकळ्या सोडतात आणि दाराशी ठेवतात, पाहुणा त्यात चुकून पाय घालेल या भीतीत सगळी दिवाळी जाते.

आत गेलात की एक काका जमिनीवर बसलेले दिसतील. लोखंडी दांड्यावर तांब्या उलटा घातलेला, हातात हातोडी. या कामाला मठारकाम म्हणतात. फोन काढायच्या आधी अर्धा मिनिट तरी नीट बघून घ्या, नंतर कॅप्शनला उपयोगी पडतं. एक ठोका आधीच्या ठोक्याला चिकटून, ओळीत, बुडापासून गोल फिरत वर वर. डावा हात भांडं फिरवतो, उजवा नुसता पडत राहतो, काका तुमच्याशी बोलतायत, चहा सांगतायत, पोराला ओरडतायत, आणि ओळ काही चुकत नाही. हातोडीचं तोंड आरशासारखं घासलेलं असतं, कारण त्यावर बारीकसा चरा जरी असला तरी तो प्रत्येक ठोक्यात भांड्यावर उमटणार. आणि हे काही नुसतं नक्षी म्हणून नाही बरं का, ठोकून ठोकून तांबं कडक होतं, मग पत्रा पातळ असला तरी भांड्याला सहजासहजी पोचा पडत नाही. तुम्ही मात्र वेबसाइटवर ‘हॅमर्ड फिनिश’ एवढंच लिहा. जास्त माहिती दिली की गिऱ्हाईक शिकतं आणि सरळ आळीत जातं.

काकांशी जरा मोठ्याने बोलावं लागेल. इतकी वर्षं ठोक्यांत बसलं की कान जातात. व्हिडिओ काढाल तेव्हा ओरिजनल आवाज ठेवू नका, फार कर्कश वाटतो, वर बासरी टाका.

व्हिडिओत काका नकोत. म्हणजे काकांचे हात चालतील, सुरकुत्या वगैरे छान येतात, पण चेहरा तुमचा हवा, फाउंडर कोण हे कळायला नको का. काकांना दोन मिनिटं उठवा, त्यांच्या पोत्यावर बसा, लिनेनचा कुर्ता, हातोडी हातात, तीन सेकंदांचा शॉट पुरतो. तुम्ही मारलेल्या चार ठोक्यांनी तांब्याला जो पोचा पडेल तो काका नंतर काढतात. त्याचे पैसे घेत नाहीत. राहू द्या म्हणतात.

भावाचं सांगायचं राहिलं. काका भांडं तराजूत टाकतात, किलोचा भाव सांगतात, मजुरी धरून आकडा सांगतात, विषय संपला. त्यांना गोष्ट विकता येत नाही हो, त्याला कोण काय करणार. तुम्ही भांडं किलोवर घ्यायचं आणि गोष्ट नगावर विकायची, सगळा धंदा एवढ्यातच आला. समजा तांब्या तुम्हाला 1200 ला पडला तर 3499 लावा, 3500 नको, 3500 महाग वाटतं. आणि हे इतकं असूनही घासाघीस करायचीच. ‘काका, आपण रेग्युलर घेणार आहोत, शंभर पीस तरी.’ शंभर कधी घ्यायचे नसतात. आधी सहा घ्या, तेसुद्धा विकले गेले तर पैसे या बोलीवर.

निघताना काका एक गोष्ट सांगतील, ती कानाआड करा. ‘साहेब, यात आंबट घालायला सांगू नका कोणाला, आतून कल्हई नाहीये.’ आता आंबट तांब्यात ठेवलं की कळकतं हे पूर्वी पोरासोरांनाही माहीत होतं, ताक तांब्याच्या भांड्यात ठेवलं तर घरात महाभारत व्हायचं. म्हणून तर कल्हई. भांडं निखाऱ्यावर तापवायचं, नवसागर टाकायचा, भक्कन पांढरा धूर, मग कथलाची कांडी नुसती टेकवायची की कथील पाण्यासारखं पळतं, 232 अंशालाच वितळतं ते, आणि कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवलं की काळंनिळं भांडं आतून एका क्षणात चांदीसारखं. लहानपणी आम्ही हे बघायला अभ्यास सोडून पळायचो. आता कल्हईवाला वर्षातून एखाद्या वेळी सोसायटीच्या गेटवर येतो आणि वॉचमन त्याला विचारतो, फ्लॅट नंबर काय. असो. तुमच्या तांब्याचं प्रॉडक्ट पेज कसं असेल? ‘लिंबू आणि मध घालून रात्रभर ठेवा, सकाळी डिटॉक्स.’ काकांकडे वेबसाइट उघडत नाही, त्यांना कळणार नाही. गिऱ्हाइकाला मळमळलं तर टॉक्सिन बाहेर पडतायत म्हणून सांगा.

नुसत्या तांब्यावर ब्रँड चालत नाही, खाण्याचं काहीतरी हवंच. ते सोपं आहे. धनकवडी, वारजे, सिंहगड रोड, कुठल्याही सोसायटीत एक काकू सापडतात. अनारसे करणाऱ्या काकू शोधा, चकलीवाल्या ढिगाने आहेत. अनारशाचं कसंय, तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग कापडावर पसरायचे, पूर्ण वाळूही द्यायचे नाहीत, दमट असतानाच दळायचे, चाळायचे, गूळ घालून मळायचं आणि तो गोळा डब्यात ठेवून द्यायचा. मग खसखशीवर थापून तुपात, आच मंद, खसखस वरच्या बाजूला, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं म्हणजे जाळी पडते. आणि एवढं सगळं करून अनारसा हसला तर हसला. हसला म्हणजे कढईत टाकल्या टाकल्या फुटून तूपभर झाला. अशा वेळी काकूंशी बोलायला जाऊ नका.

काकूंचा भाव समजा 800 रुपये किलो, हसलेले त्यांच्या अंगावर. तुम्ही चार अनारसे बटर पेपरमध्ये ठेवून, सुतळी बांधून, सुतळीत दालचिनीची एक काडी खोचून 399 ला द्या. दालचिनीचा अनारशाशी संबंध काय हे विचारणारी पिढी आता मॉर्निंग वॉकला जाते, ती ऑनलाइन नसते. काकूंनी दिलेले अनारसे मोजून घ्या, आकारात जरा जरी फरक असला तर परत करा, याला क्यूसी म्हणतात. आणि बॉक्सच्या मागे छापा, ‘हाताने बनवलेले असल्याने आकारात थोडाफार फरक असू शकतो, तेच त्याचं सौंदर्य.’

ऑर्डर मात्र वसुबारसेला द्या, डिलिव्हरी धनत्रयोदशीची, 200 बॉक्स. काकू म्हणतील अरे बाळा, तांदूळ भिजायलाच तीन दिवस लागतात. तुम्ही शांतपणे म्हणा, काकू, थोडं फास्ट ट्रॅक करता येईल का. त्या चष्म्यावरून बघतील. मग करतील कुठून तरी, सुनेला आणि समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनींना बसवून, रात्री दोनपर्यंत. का करतात मला आजवर कळलेलं नाही, पण करतात, आणि सकाळी बॉक्सबरोबर तुमच्यासाठी वेगळे पाच-सहा डब्यात घालून देतात. तो डबा परत करायचा नसतो.

लेबलवर ‘मार्केटेड बाय’ मोठ्या अक्षरात, खाली तुमचं नाव. ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ छापावं लागतंच, नाइलाज आहे, तिथे मुंगीला वाचता येईल एवढा फाँट घ्या. अन्नपरवान्याचा, म्हणजे एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर काकूंचाच लागतो कारण स्वयंपाकघर त्यांचं. पकडायला कोणी आलं तर तेही त्यांच्याकडेच जाणार, ही त्यातली जमेची बाजू.

टोपल्यांना फार वेळ घालवू नका. बुरूड आळीत जा, परडी उचला, तिला हॅम्पर बास्केट म्हणा, झालं.

सरकारी मदतीच्या फंदात पडू नका. पंतप्रधान विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली, तिच्यात 18 धंदे आहेत, कुंभार आहे, चांभार आहे, न्हावी आहे, टोपल्या विणणारे आहेत. फाउंडर नाही. आपल्यासारख्यांचा कोणी विचारच करत नाही.

आणि कोणी म्हणालं की दुसऱ्याच्या कामावर स्वतःचं नाव लावताय, तर अजिबात लाजू नका, मोठमोठ्यांनी केलंय. जून 2025 मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटलीच्या फॅशन ब्रँडने आपली कोल्हापुरी चालवली, सरळ अंगठ्याची, आणि नाव दिलं लेदर सँडल. कोल्हापुरीला जीआय आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात येतात, एवढे आठ जिल्हे असून एकाचंही नाव आठवलं नाही त्यांना. मग इकडून बोंब झाली तेव्हा मान्य केलं की हो, प्रेरणा तिकडची. माझ्या मते त्यांचं चुकलं ते एवढंच, की सोबत आजीचा फोटो लावला नाही.

शेवटी प्रदर्शन. कर्वे रोडला कुठल्यातरी हॉलमध्ये दोन दिवसांचा स्टॉल घ्या. भाडं ऐकून दरदरून घाम फुटेल पण कंटेंट मिळतो. मैत्रिणी येतील, तांब्या हातात घेऊन ‘किती ऑथेंटिक ना’ म्हणतील, फोटो काढतील, परत ठेवतील. यातलीच एक सकाळी मंडईत सुपाच्या दहा रुपयांवरून अर्धा तास भांडून आलेली असते, आणि तेच सूप तुमच्या शेजारच्या स्टॉलवर वॉल डेकोर म्हणून 850 ला घेते, कार्डाने. एखादे आजोबा येतील, तांब्या उलटा करून बूड बघतील, मठार बघतील, नखाने टिचकी मारून आवाज ऐकतील आणि विचारतील, कोणी केलाय? हा प्रश्न धोक्याचा आहे. ‘आमची टीम आहे’ म्हणा.

दोन दिवसांत दोन तांबे जातील, एक तुमच्या सासूबाई घेतील. उरलेले चार घेऊन परत तांबट आळीत. काका काही बोलणार नाहीत, तराजूत टाकतील, दोनाचे पैसे घेतील, चहा सांगतील. मग जरा थांबून विचारतील, ‘साहेब, तुम्ही हिंजवडीला ना? आमचा धाकटा इंजिनियर झालाय, कॉम्प्युटर. वर्ष झालं बसून आहे. या कामाला बसत नाही, मीच बसू दिलं नाही. तुमच्या कंपनीत बघा की काही.’

लगेच हो म्हणा. सीव्ही तिथेच मागून घ्या, मुलगा माळ्यावरून खाली येईल, हुशार असतो, हात वडिलांसारखेच लांब बोटांचे. कंपनीला माणूस आणून दिल्याचा रेफरल बोनस 50 हजार आहे, पण पोरगं जॉइन होऊन तीन महिने टिकावं लागतं आणि तोपर्यंत आपण रोलवर असावं लागतं. तुमचे नोटीसचे अजून अठरा दिवस बाकी असतील, आज रात्रीच एचआरला मेल टाका, वैयक्तिक कारणास्तव राजीनामा मागे घेत आहे. बायोमधलं फाउंडर तसंच राहू द्या.