पूलचा क्यू घासून स्नूकरचा होत नाही

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, क्यूच्या टोकाला भेग गेलीय. चिकटवता येईल का?" खोदून विचारल्यावर कळलं, ग्रुपवर आलेला मेसेज वाचून त्याने वाढदिवसाला मिळालेला पूलचा क्यू (टेबलावर बॉल मारायची लांब काठी) पॉलिश पेपरने घासला होता. तोच मेसेज मलाही तीनदा आलाय. मेसेजचं म्हणणं: पूल आणि स्नूकर या दोन्ही टेबल-खेळांचे क्यू एकच, फरक दुकानदाराच्या नफ्याचा, टोक साडेनऊ मिमीपर्यंत घासलं की झाला स्नूकरचा, लाकडांत ॲशपेक्षा मेपल सरस, क्यू जड तेवढा शॉट चांगला.

आधी घासण्याचं बघू, कारण वाटोळं तिथेच होतं. पूलच्या क्यूचं टोक साधारण 13 मिमी. टिप म्हणजे बॉलला लागणारी टोकावरची टिकली; तिच्याखालचं फेरूल, म्हणजे टोकावरचं कडं, बहुतेकदा फायबरचं किंवा प्लॅस्टिकचं असतं आणि त्याच्या आत शाफ्टचीच (क्यूच्या पुढच्या भागाचीच) कोरलेली खुंटी, बऱ्याच क्यूंमध्ये सुमारे 8 मिमीची. म्हणजे फेरूलची जाडी सगळीकडून अडीच मिमी. टोक 9.5 वर आणलं की उरते पाऊण मिमी! भेग जाईल नाहीतर काय? स्नूकरच्या बारीक टोकाला पितळेचं फेरूल उगाच नसतं.

शिवाय स्नूकरचा शाफ्ट टिपेपर्यंत सलग निमुळता होत जातो. पूलच्या बऱ्याच शाफ्टचा पुढचा फूटभर भाग जवळजवळ एकाच जाडीचा असतो, बोटांच्या कड्यातून सारखा सरकावा म्हणून. भाच्याने पुढची चार बोटं जागा घासली आणि तिथे नुसती मान तयार झाली. वरचं पॉलिश गेलं ते वेगळंच. आता पावसाळ्यात लाकूड ओल धरणार.

राहिला नफा. फरक नफ्याचा नाही, बॉलचा आहे. स्नूकरचा बॉल 52.5 मिमीचा, पूलचा 57.15. घनफळात पूलचा बॉल 29 टक्के मोठा भरतो. लहान बॉलवर जाड टिप बराच भाग झाकते. मध्यावर लागतेय की बाजूला, हे दिसत नाही आणि नको ती साईड, म्हणजे बॉलला बाजूची फिरकी, लागते. म्हणून स्नूकरला 9 ते 10 मिमीची टिप.

ॲशवर बाणासारख्या ठळक रेषा असतात, त्या बघून खेळाडू दरवेळी क्यू एकाच बाजूने धरतात. मेपल वाईट नाही, पण सरस वगैरे काही नाही. वजनाचा मुद्दा तर सोडाच. स्नूकरचे बहुतेक क्यू पूलच्या क्यूंपेक्षा थोडे हलकेच असतात.

एक मात्र मान्य करावं लागेल. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या साहित्य-नियमांत टिप जास्तीत जास्त 14 मिमी, वजन जास्तीत जास्त 708.75 ग्रॅम, लांबी किमान 1.016 मीटर अशा मर्यादा आहेत; टिपेच्या जाडीला किमान मर्यादा नाही. त्यामुळे स्नूकरच्या क्यूने पूल खेळायला नियमाची आडकाठी नाही. इंग्लिश पूल या ब्रिटनमधल्या प्रकाराचे क्यू तर दिसायलाही स्नूकरसारखेच. पण म्हणून कोणी पोराला क्यू घासायला सांगावं?

भाच्याला सांगितलंय, चिकटवत बसू नकोस. बट, म्हणजे मागचा जाड भाग, शाबूत आहे, फक्त नवीन शाफ्ट घे. दुकानात जाताना बट सोबत ने, जोडाचे आटे सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात.