स्टेपनी, गंज आणि एक आडवा दांडा

पिकअप हे वाहन माणसांसाठी नव्हे तर मालासाठी घडवलेले असते, त्यामुळे हौदा रिकामा असताना ते वळणावर जे काही करते त्याबद्दल त्याला बोल लावणे अन्यायाचे आहे. आमच्या जुन्या पिकअपला कारखान्यातूनच पुढे स्वे बार, म्हणजे गाडीचे कलणे रोखणारा आडवा दांडा, बसवून आला होता. मागे मात्र नुसते स्प्रिंगचे पाटे होते आणि बाकी सारी भिस्त परमेश्वरावर. डेट्रॉइटच्या महामार्गांवरून उतरणाऱ्या गोल रॅम्पवर ताशी 25 मैलांची पिवळी पाटी असते. ती निमूटपणे पाळूनही गाडी बाहेरच्या अंगाला इतकी कलायची की शेजारी बसलेले आमचे यजमान खिडकीवरची मूठ धरून रामरक्षा सुरू करायचे, आणि गणेशोत्सवाच्या दिवसांत हौद्यातले मंडळाचे ढोल या कडेवरून त्या कडेवर आदळत परस्पर आपली तालीम उरकून घ्यायचे.

मागेही एक स्वे बार बसवणे हा यावरचा सरळ उपाय होता. हा बार म्हणजे दोन्ही टोकांना वाकवलेला पोलादी दांडा. दोन्ही चाके एकदम उचलली गेली तर तो त्याला धरून ठेवणाऱ्या बुशांमध्ये नुसता फिरतो, परंतु गाडी एका बाजूला कलू लागली की त्याला पीळ बसतो आणि तो पीळ सोडवण्याच्या खटपटीत तो गाडीलाही सरळ धरतो. न्यू ब्रन्सविकच्या स्टीफन कोलमन या कॅनेडियन गृहस्थांना 1919 साली याचे पेटंट मिळाले. त्यांना मिशिगनमधल्या गंजलेल्या बोल्टांची कल्पना असती, तर त्यांनी पेटंटाच्या अर्जात एखादी सहानुभूतीची ओळ नक्की घातली असती.

आमच्या ओळखीतली निम्मी मराठी मंडळी मोटार कंपन्यांत नोकरीला आहेत. एक जण सीटची रचना करतात, दुसरे दरवाजाच्या कुलुपाचे सॉफ्टवेअर लिहितात, आणि पाना हातात धरलेला एकही नाही. तरीही शनिवारी सकाळी सगळे चहाला हजर झाले. मी गाडीखाली उताणी पडलेली असताना सल्ले मात्र बॅटरी धरून उभ्या असलेल्या यजमानांना दिले जात होते. “जाडात जाड दांडा घ्यायला हवा होता, वहिनींना सांग,” असे कुलूपवाले म्हणाले. दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे 20 मिलिमीटरऐवजी 22 चा घेतला तरी तो सुमारे 46 टक्क्यांनी ताठ होतो, आणि मागची बाजू फाजील ताठ केली तर रिकाम्या हौद्याची गाडी ओल्या रस्त्यावर शेपूट फिरवते, हे मी गाडीखालूनच सांगितले. त्यावर “बरोबर आहे त्यांचं,” असे त्यांनी यजमानांना कळवले.

बार बसवायला फारसा वेळ लागत नाही. वेळ लागतो तो मिठामुळे. डेट्रॉइटच्या पोटात हजार फुटांहूनही खोल मिठाची खाण आहे, आणि हिवाळ्यात रस्त्यांवर पसरल्या जाणाऱ्या मिठाने आमच्या गाडीच्या बुडाशी जन्माचे नाते जोडले होते. हात घालायला जागा व्हावी म्हणून आधी स्टेपनी उतरवायची, तर तिला टांगणारी तार गंजून वाटेतच थबकली आणि ते चाक ना वर ना खाली असे त्रिशंकूसारखे लोंबत राहिले. मग चेसिसच्या ज्या भोकांत ब्रॅकेट बसवायचे, तिथे ठाण मांडून बसलेल्या बोल्टांची पाळी आली. रात्रभर त्यांना तेल पाजले होते. पान्याला लांब पाइप अडकवून जोर लावला की प्रथम करकर ऐकू येई, चष्म्यावर तांबड्या भुग्याचा अभिषेक होई, बोल्ट सुटल्याचा आनंद होई, आणि मग लक्षात येई की डोके पान्यात आले असून धड जागच्या जागी आहे. प्रत्येक शिरच्छेदानंतर वरून “निघाला का?” असा प्रश्न येई आणि चहाचा घोट घेतल्याचा आवाज.

पुढचे काम सुखाचे होते. पॉलियुरेथेनच्या लाल बुशांना आतून सिलिकॉनचे ग्रीस चोपडले, कारण ते कोरडे राहिले तर पुढे जन्मभर किरकिरतात. एक्सलवर यू-बोल्ट चढवताना, त्याला चिकटून गेलेली ब्रेकची बारीक नळी खाली चेपली जाऊ नये म्हणून ती बोटाने चाचपत गेले. बारची टोके चेसिसला जोडणाऱ्या लिंकचे नट आधी हातानेच लावले आणि गाडी चाकांवर उतरून तिचे वजन पाट्यांवर आल्यानंतरच आवळले.

त्याच रॅम्पवर गाडी आता शहाण्यासारखी वळते. एकच चाक खड्ड्यात गेले तर हादरा सबंध गाडीला बसतो खरा, पण हा सौदा मला मान्य आहे. सीटवाले मित्र मुद्दाम एक फेरी मारून आले. रॅम्पवर त्यांनी डोळे मिटून, पाठ टेकवून, अत्यंत गंभीरपणे परीक्षण केले आणि उतरताना म्हणाले, “वहिनी, काही म्हणा, जुनी असली तरी ही सीट माणसाला काय धरून ठेवते हो!”