नवसाची सायकल

फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यात सायकलवरून हिंडणाऱ्या माणसाला त्याचे कारण कोणी विचारत नाही, असे माझा पुतण्या सांगतो. तो तिकडे शिकायला आहे आणि सुट्टी लागली की नदीकाठ धरून निघतो. नदीच्या कडेने सुमारे 900 किलोमीटरचा सायकलमार्ग आखलेला आहे. त्यावर बहुतेक ठिकाणी मोटारी नाहीत, असल्या तर तुरळक, आणि थोडे अंतर कापावे तोच एखादा राजवाडावजा किल्ला पुढ्यात येतो. शांबोरचा किल्ला पहिल्या फ्रान्स्वा राजाने 1519 मध्ये बांधायला घेतला. त्यात चारशेहून अधिक खोल्या आहेत आणि राजेसाहेबांनी तिथे उभ्या आयुष्यात मोजकेच आठवडे मुक्काम केला. शेनाँसोचा महाल शेर या उपनदीच्या पात्रावर आडवा बांधलेला असून दुसऱ्या हेन्रीने तो आपल्या मर्जीतल्या बाईंना दिला होता. 1559 मध्ये राजा वारला, तेव्हा राणी कातरीनने त्या बाईंना तिथून हलवले आणि मोबदल्यात शोमाँचा किल्ला दिला. पुनर्विकासात पार्किंगची एक जागा पदरात पडावी म्हणून वर्षानुवर्षे सभा तहकूब करणाऱ्या आम्हां ठाणेकरांना हा व्यवहार फारच उदार वाटतो.

गेल्या खेपेस येताना पुतण्याने माझ्यासाठी सायकलच्या मागच्या चाकाशी दोन्ही अंगांना लटकवायच्या दोन जलरोधक पिशव्या आणल्या आणि म्हणाला, “काका, नदी तुमच्याकडेही आहे, किल्लेही आहेत. मग अडतंय कुठे?”

नकाशा पाहिला, तर मुलाचे म्हणणे खरे होते. उल्हास नदी जिथे जन्म घेते, तिथे माथ्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले मिरवणारी राजमाची आहे. खाली कल्याणला, 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी उभारलेला दुर्गाडी आहे. पुढे ठाण्याचा किल्ला, मग खाडीकाठी नागला बंदर, घोडबंदर आणि नदी समुद्राला मिळते तिथे साक्षात वसई. एवढे किल्ले पाठीशी असलेल्या नदीला आपण ‘पाणी कुठून येतं’ या प्रश्नापलीकडे ओळखत नाही, ही गोष्ट मला लागली.

ठाण्याचा किल्ला मी यादीतून आधीच वगळला होता. तिथे सध्या मध्यवर्ती कारागृह आहे आणि आत जाण्यासाठी जे करावे लागते, त्याची सायकलस्वाराकडून कोणी अपेक्षा करत नाही. दुसऱ्या बाजीरावांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे याच किल्ल्यात इंग्रजांच्या कैदेत होते आणि 1816 मध्ये तिथून निसटले. खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा एक मोतद्दार गाणी म्हणत असे आणि त्या गाण्यांतून त्यांना सुटकेचा बेत कळवत असे, अशी हकिकत सांगतात. मला त्यात कौतुक वेगळ्याच गोष्टीचे वाटते. ठाण्यासारख्या गावातून एक माणूस भल्या रात्री बाहेर पडतो आणि त्याला वाटेत कोणीही ‘काय, कुठे निघालात?’ असे विचारत नाही!

मी आमच्या इमारतीतून भल्या पहाटे बाहेर पडलो, तरी मला हे साधले नाही. आमच्या उद्वाहनात सायकल आडवी मावत नाही. ती मागच्या चाकावर उभी करावी लागते आणि तशी ती उभी केली की तिचे हँडल भिंतीवरची निम्मी बटणे एकदम दाबते. त्यामुळे आमचे उद्वाहन त्या सकाळी प्रत्येक मजल्यावर थांबले, दार उघडले आणि दर वेळी दूध घ्यायला बाहेर आलेल्या कोणाला तरी, घट्ट चड्डीतला मी पुढच्या चाकाला मिठी मारून उभा असलेला दिसलो. सहाव्या मजल्यावर “गाडी विकलीत का?” असे विचारण्यात आले. पाचव्या मजल्यावर “डॉक्टरांनी सांगितलंय वाटतं. शुगर किती निघाली?” असा प्रश्न आला आणि मी उत्तर देण्यापूर्वीच मेथ्या रात्री भिजत घालण्याचा उपाय सांगून झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना मी खरे ते सांगितले, की नदीकाठाने किल्ले पाहायला निघालो आहे. त्यांनी क्षणभर विचार केला आणि अतिशय मायेने म्हणाले, “अहो, मग गाडीने जा ना.”

माजिवड्याला मेहुणा सायकल घेऊन उभा होता. मेहुण्याला किल्ल्यांत रस नाही. घोडबंदरच्या वाटेवर मिसळ कुठे चांगली मिळते हे त्याला ठाऊक आहे आणि तेवढ्या भांडवलावर तो कोणत्याही मोहिमेत सामील होतो.

घोडबंदर रस्त्याचे वर्णन ठाणेकरांपुढे करण्यात अर्थ नाही आणि इतरांचा त्यावर विश्वास बसणार नाही. मेट्रोचे खांब, कंटेनर, खड्डे आणि खड्डे चुकवणारे कंटेनर यांच्यामधून जी फूटभर जागा उरते, ती सायकलची. ती जागाही मी आनंदाने स्वीकारली असती, पण प्रत्येक सिग्नलला शेजारी येऊन थांबणारा दुचाकीस्वार आधी सायकल न्याहाळत असे, मग गिअर मोजत असे आणि दिवा हिरवा व्हायच्या बेताला विचारत असे, “केवढ्याला पडली?” आकडा ऐकला की, “एवढ्यात स्कूटर आली असती,” हे वाक्य ठरलेले. कापूरबावडीच्या चौकात हवालदारसाहेबांनी आम्हांला हात दाखवून बाजूला घेतले, तेव्हा आमचे काय चुकले असावे या विचाराने मी शिरस्त्राण सावरले. त्यांनाही किंमतच विचारायची होती.

मिसळीच्या ठिकाणी वाहने लावून घेणाऱ्या मुलाने आम्हांला अडवले. त्याच्या पावतीपुस्तकात दुचाकी आणि चारचाकी असे दोनच रकाने होते आणि दोन्हींत क्रमांक लिहिणे सक्तीचे होते. “नंबर सांगा,” तो म्हणाला. सायकलला नंबर नसतो, असे मी सांगितले. “नंबर नाही तर मग लावायची कशी?” या त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. अखेर मेहुण्याने स्वतःच्या मोटारीचा क्रमांक सांगितला, त्याने तो दुचाकीच्या रकान्यात लिहिला, पैसे घेतले आणि दोघांचेही समाधान झाले.

ओवळ्याच्या अलीकडे माझे मागचे चाक बसले. या रस्त्यावर ट्रकचे टायर फुटतात, त्यांच्या आतल्या केसाएवढ्या पोलादी तारा सुट्या होऊन रस्त्यावर पडतात आणि त्यांतली एखादी सायकलच्या टायरात अशी शिरते की डोळ्यांना दिसत नाही, बोटालाच टोचते. पंक्चरवाल्याने ट्यूब बाहेर काढून घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुड्यांची बारीक माळ वर आली, तिथे त्याने खडूने खूण केली आणि मग कानस हातात घेऊन माझ्याकडे पाहिले. प्रश्न येणार, हे मी ओळखले.

“साहेब, एवढ्या लांब सायकलवर? काही अडचण आहे का घरी?”

सकाळपासून दिलेले सगळे खुलासे माझ्या डोळ्यांपुढून गेले. लुआर नदी, शांबोर, राजमाची, दुर्गाडी. या माणसापुढे कुठून सुरुवात करावी, हे मला सुचेना. तेवढ्यात मेहुण्याने शेवेचे बोट चाटत शांतपणे सांगितले, “भावोजींचा नवस आहे.”

कानस थांबली. पंक्चरवाल्याने हात पुसले, आतून स्टूल आणून मला बसायला दिले आणि समोरच्या टपरीकडे पाहून दोन चहांची खूण केली. ठिगळ लावल्यावर ते त्याने दोनदा दाबून पाहिले, ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवून खात्री केली आणि टायरातली तार पकडीने ओढून माझ्या तळहातावर ठेवली. पैसे त्याने घेतले नाहीत. “देवाच्या वाटेवरच्या माणसाकडून कसे घ्यायचे?” असे म्हणून त्याने हात जोडले आणि मीही, काय करावे न कळून, आशीर्वादासाठी उचलतात तसा हात अर्धवट उचलला.

तिथून पुढे प्रवास फारच सुखाचा झाला. गायमुखच्या चढावर मागून भोंगा वाजवणाऱ्या टेम्पोवाल्याला मेहुण्याने मान वळवून “नवस!” एवढेच ओरडून सांगितले, तर त्याने भोंगा थांबवून आम्हांला चढ संपेपर्यंत आपल्या पुढे ठेवले. फ्रान्समध्ये सायकलस्वाराला जी वाट सरकारने बांधून दिली आहे, ती इथे तीन अक्षरी शब्दावर मिळाली. खरे सांगायचे तर, सायकलला आपला आक्षेप नाहीच. विनाकारण सायकलला आहे. मौजेखातर कष्ट करणारा माणूस आपल्याला संशयास्पद वाटतो आणि देवासाठी करणारा पटतो.

घोडबंदरचा किल्ला पोर्तुगिजांचा. इथे अरबी घोडे जहाजातून उतरत, म्हणून गावाचे नाव घोडबंदर, असे सांगतात. 1737 मध्ये साष्टीच्या मोहिमेत तो मराठ्यांनी घेतला. वर उभे राहिले की खाडी दिसते, पूल दिसतो आणि पुलावर थांबलेली वाहने दिसतात. एवढ्यावर किल्ला पाहून झाला असता. पण तिथे डबे घेऊन आलेल्या एका कुटुंबातल्या मावशींनी नवसाची चौकशी केली आणि कोणत्या देवीचा, असेही विचारले. मेहुण्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “वज्रेश्वरीचा.”

मला त्याच्या इतिहासज्ञानाचे आश्चर्य वाटले. वसईच्या स्वारीत चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीलाच नवस बोलला होता आणि 1739 मध्ये किल्ला हाती आल्यावर तानसा नदीच्या काठच्या त्या गावी देऊळ बांधवून तो फेडला. देवळाला किल्ल्यासारखा दगडी तट आहे, दारावर नगारखाना आहे आणि वर जायला 52 पायऱ्या आहेत. नदी, खोरे, तट, सारे काही जमत होते. मी हे मेहुण्याला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “असेल. आमच्या आईची बस त्याच गावाला जाते दर वर्षी, म्हणून आठवलं.”

त्या मावशी सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या निघाल्या. आम्ही घरी पोहोचायच्या आत सासूबाई घरी पोहोचल्या होत्या. “जावईबापू, नवस बोललात आणि आम्हांला सांगितलं नाहीत?” एवढेच त्या बोलल्या, पण डोळ्यांत पाणी होते. बोललेला नवस तसाच ठेवू नये. सायकलवरून बोललेला असेल, तर सायकलवरूनच फेडावा, हा निर्णय त्यांनी दिला आणि त्यावर अपील नव्हते. ठाण्याहून वज्रेश्वरी चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे.

येत्या रविवारी मी निघतो आहे. इमारतीत आता मला कोणी काही विचारत नाही. सहाव्या मजल्यावरून नारळ आला आहे, पाचव्या मजल्यावरून ओटीचा खण आणि नारळ आला आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी दोन नारळ दिले असून त्यांतला एक तिथेच फोडून अर्धा भाग परत आणायला सांगितले आहे. पुतण्याने आणलेल्या दोन्ही पिशव्या भरल्या आहेत. नवसाचे नारळ मोटारीतून नेलेले देवीला चालत नाहीत, असे सासूबाई म्हणतात. त्या आणि घरातली बाकीची मंडळी जेवणाचे डबे घेऊन माझ्या गाडीने मागून येणार आहेत. गाडी मेहुणा चालवणार आहे, कारण नवस माझा आहे.