इंजिन दम धरत नाही म्हणजे पंप गेला, हे खरं नाही

मासेमारीची पावसाळी बंदी उठून बोटी पाण्यात उतरल्या की एक संदेश बंदराबंदरांतून फिरू लागतो. त्याचा मतलब असा: बोट जुनी आहे आणि समुद्रात इंजिन दम धरत नाही, तर डिझेल पंप (डिझेल दाबून नोझलवाटे इंजिनात सोडणारा मोठा पंप) गेला समजा. बाहेर गळती दिसत नसेल तर पाईपलाईन ठीकच आहे, तिच्या नादी लागू नका. टाकीत थोडं पेट्रोल ओता, ती आपोआप साफ होते. पावसाळ्यात टाकी कोरडी ठेवा, म्हणजे पाणी होत नाही. फिल्टर सारखा चोंदत असेल तर त्याची जाळी काढून बोट चालवा.

सगळ्यात जास्त नुकसान पहिली दोन वाक्यं करतात, म्हणून आधी तीच घेतो.

टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (मोठ्या पंपाला डिझेल पुरवणारा छोटा पंप) पाईप डिझेल ओढतो, ढकलत नाही. टाकी इंजिनापेक्षा खाली असेल तर चालू इंजिनात या भागातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे बारीक चीर पडली, होजक्लिप ढिली झाली किंवा बॅन्जो बोल्टखालचं (पाईप जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचं वॉशर बसकं झालं, तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गळती दिसणारच नाही. इंजिन रेस दिली की खालीवर होतं, खोकतं, मग बंद पडतं. हात प्रायमर (हाताने डिझेल ढकलायचा छोटा पंप) मारून हवा काढली की पुन्हा चालू होतं आणि अर्ध्या तासाने तेच. पाईप कोरडा आहे म्हणून तो निर्दोष, असं म्हणणारा माणूस सापडायला हवं होतं तेच सोडून पुढे जातो.

माझ्या माहितीतल्या एका बोटीचा पंप एकाच हंगामात दोनदा उतरवून टेस्ट बेंचवर (पंप तपासायच्या यंत्रावर) नेला. दोन्ही वेळा पंप चांगलाच निघाला. शेवटी दोष मिळाला तो फिल्टरच्या डोक्यावरच्या एका वॉशरमध्ये, जुनंच पुन्हा वापरलेलं. तोवर मालकाचे ऐन हंगामातले दिवस गेले होते. शिवाय पंप उतरवताना टायमिंगच्या (डिझेल कोणत्या क्षणी सुटायचं त्याच्या) खुणा नीट घेतल्या नाहीत, आणि बसवल्यावर इंजिन ठोकू लागलं. आधी एक दुखणं होतं, आता दोन झाली.

पंपाला हात लावण्याआधी एक साधी परीक्षा करा. स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनाच्या वर, हलणार नाही असा बांधा. फीड पंपाचा टाकीकडून येणारा पाईप सोडून तिथे कॅनमधली नवी नळी जोडा. उरलेलं डिझेल परत नेणारा रिटर्न पाईप टाकीलाच राहू द्या. हवा काढा आणि बोट धक्क्याला पक्की बांधून गिअरमध्ये लोड द्या. इंजिन तासभर सुरळीत चाललं तर पंप आणि नोझल यांची सुटका झाली. दोष टाकी, तिचा कॉक किंवा पाईप यांतच आहे. मग जुना पाईप परत जोडताना मध्ये हातभर पारदर्शक नळी घाला. बुडबुडे दिसले तर हवा मागून येते आहे. बुडबुडे नाहीत आणि तरी दम नाही, तर कुठेतरी अडलंय.

अडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. टाकीच्या हवेच्या नळीवर रंगाचा थर बसतो, मिठाची खपली धरते, कधी गांधीलमाशी घर करते. मग डिझेल उपसलं जातं तशी टाकीत पोकळी होते. झाकण उघडल्यावर फुस्स आवाज येऊन इंजिन सुधारलं तर दुसरं काही शोधू नका. शोषण नळीच्या टोकाच्या जाळीत गाळ अडकतो. इंजिन थांबलं की तो खाली पडतो, म्हणून थोड्या वेळाने सगळं ठीक वाटतं. जुन्या रबरी होजचं आतलं अस्तर सुटून पडद्यासारखं आडवं येतं, बाहेरून होज धडधाकट. हा दोष मला सगळ्यात जास्त छळतो.

आणि धूर बघा. डिझेल कमी पडलेलं इंजिन काळा धूर ओकत नाही, त्याचे फेरे नुसते उतरतात. काळा धूर आणि दम नाही, तर एअर फिल्टर बघा, बोटीच्या पंख्यात अडकलेलं जाळं बघा, बुडाला धरलेले शिंपले बघा.

पेट्रोलचा सल्ला मात्र जिवावरचा आहे, आणि तो ऐकला की मला खरंच राग येतो. पेट्रोलची वाफ शून्याखालच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी होते. ती हवेपेक्षा जड असते, म्हणून बोटीच्या तळाशी साठते, आणि तिथेच बॅटरी, स्टार्टर, तापलेला एक्झॉस्ट असतो. पंपाच्या प्लंजरना (डिझेल दाबणाऱ्या दांड्यांना) डिझेलचंच वंगण मिळतं, तेही पेट्रोलने पातळ होतं, रॉकेलचंही तेच. साफसफाई म्हणाल, तर सुटलेला गाळ जातो कुठे? फिल्टरमध्येच.

कोरड्या टाकीचं म्हणणं अगदीच खुळं नाही, पण उलटं आहे. १ जून ते ३१ जुलै बोट किनाऱ्यावर ओढलेली असते. रिकाम्या लोखंडी टाकीत दमट हवा खेळते आणि भिंती गंजतात. टाकी भरून ठेवणं बरं. बहुतेक पाणी मात्र डेकवरच्या झाकणाच्या कडक झालेल्या वॉशरमधून पावसाचं शिरतं, ते दहावीस रुपयांचं रबर बदला. पाणी डिझेलखाली बसतं आणि त्या दोहोंच्या सीमेवर जंतू वाढून काळपट बुळबुळीत थर होतो. बोट हलवण्याआधी तळाच्या कॉकमधून बाटलीभर काढून बघा. पाणी दिसेनासं होईपर्यंत काढत राहा. धक्क्यावर चाललेलं इंजिन खाडीच्या तोंडाशी बंद पडतं, कारण तिथल्या लाटांनी हा तळ ढवळला जातो.

फिल्टरची जाळी काढण्यावर जास्त बोलायला नको. फिल्टर सारखा चोंदणं ही टाकीची तक्रार आहे. जाळी काढली की तोच गाळ आणि पाणी पंपात व नोझलमध्ये जातं, आणि पंप तेव्हा खरोखर जातो.

पंप जातोही, नाही म्हणत नाही. थंड इंजिन चटकन चालू होतं, पण गरम झाल्यावर थांबवलं की पुन्हा धरत नाही, आणि कॅनवरही तसंच वागतं, तर प्लंजर झिजल्याचा संशय रास्त. ऑईलची पातळी आपोआप चढून डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंप आणि मोठा पंप दोन्ही तपासा, तोवर इंजिन चालवू नका.

समुद्रात इंजिन बंद पडलं तर तांडेलाने (बोट चालवणाऱ्याने) आधी नांगर टाकावा, मग खाली उतरावं. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा, प्रायमर मारा, बुडबुडे संपले की आवळा. मग पंपावरचा स्क्रू तसाच. नोझलचा नट सैल करून स्टार्टर मारताना हात आणि तोंड लांब ठेवा, तिथली धार कातडीतून आत शिरते. शिरलीच तर जखम टाचणीएवढी दिसली तरी बोट लगेच बंदराकडे वळवा आणि त्या माणसाला थेट मोठ्या रुग्णालयात न्या.