‘एथ्निक स्टडीज’ने लॅटिनो मुलं बिघडतात म्हणे

सध्या फिरणारा दावा असा: अमेरिकेतल्या कॉलेजांमधले ‘एथ्निक स्टडीज’चे (तिथल्या वांशिक गटांचा इतिहास आणि संस्कृती शिकवणारे) वर्ग लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, विद्यार्थ्यांना स्वतःच्या जमातीत कोंडतात, रडगाणं शिकवतात आणि त्यांचा अभ्यास बुडवतात.

कोंडण्याचं आधी. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत २०२० च्या कायद्याने पदवीसाठी सक्तीचा झाला तो ३ युनिटांचा, म्हणजे सत्रभराचा एकच कोर्स. मूलनिवासी, आफ्रिकी-अमेरिकी, आशियाई-अमेरिकी आणि लॅटिनो अशा चार अभ्यासांतून कुठलाही निवडा. स्वतःच्याच गटाचा घ्या, असं बंधन नाही.

रडगाणं? १९४७ चा मेंडेझ खटला बघा. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत मेक्सिकन मुलांना वेगळ्या शाळेत बसवत. पालक कोर्टात गेले आणि जिंकले, तेही शाळांतला वर्णभेद देशभर बेकायदा ठरवणाऱ्या ब्राउन खटल्याच्या निकालाआधी सात वर्षं. हा भाग शिकलेला विद्यार्थी अमेरिकी कोर्टावरचा विश्वास गमावेल की कमावेल?

अभ्यास बुडतो, हे तर उलटंच निघालं. सॅन फ्रान्सिस्कोच्या काही हायस्कुलांत आठवीत गुणांची सरासरी (४ पैकी) २.० च्या खाली गेलेल्या मुलांना नववीत हा विषय आपोआप दिला जाई. या २.० च्या रेषेच्या अलीकडची-पलीकडची मुलं ताडून पाहिली, तेव्हा हजेरी २१ टक्के-बिंदूंनी आणि सरासरी १.४ ने वाढलेली दिसली (२०१७ चा अभ्यास). मात्र हे आकडे शाळेचे, आणि तेही त्या रेषेजवळच्या मुलांपुरते. कॉलेजला ते जसेच्या तसे चिकटवू नयेत. समर्थक सर्रास चिकटवतात.

ओळखीबद्दल बोलताना तर दोन्ही बाजू घसरतात. मानसशास्त्रज्ञ जीन फिनी यांच्या वांशिक ओळख मोजणाऱ्या प्रश्नावलीच्या २००७ च्या सुधारित रूपात सहा विधानं आहेत: तीन स्वतःच्या गटाचा शोध घेण्याबद्दल, तीन त्याच्याशी असलेल्या बांधिलकीबद्दल. इतरांचा द्वेष त्यात मोजलाच जात नाही. गडबड होते ती प्रश्नावली फक्त सत्र संपताना भरून घेतल्यामुळे. मुळात कुतूहल असलेलीच मुलं हा विषय निवडतात, मग प्रश्नावलीतल्या जास्त गुणांचं श्रेय कोर्सला जातं. पहिल्या आठवड्यात एकदा, शेवटच्या आठवड्यात एकदा, आणि विषय न घेतलेल्या तशाच वर्गातही दोनदा, एवढं केलं तरच काही म्हणता येतं.

खरी तक्रार वेगळीच आहे, आणि ती दाव्यात येत नाही. बऱ्याच ठिकाणी अभ्यासक्रम मेक्सिकन इतिहासाभोवतीच फिरतो. एल साल्वादोर किंवा ग्वातेमालाहून आलेल्या घरातली मुलं तिथे परकीच राहतात. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या नॉर्थरिज शाखेत मध्य अमेरिकेच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आहे. इतरत्र बऱ्याच ठिकाणी फार तर एखादं प्रकरण.