मिलोच्या मुलखात

सप्टेंबर संपत आला की कॅन्ससमध्ये रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढी, तांबूस कणसांची शेतं दिसतात. दोन वर्षं मी ती नुसतीच बघत होते. मग एका शेतकऱ्याने नाव सांगितलं, 'माइलो'. म्हणजे आईचा मिलो! १९७२च्या दुष्काळात रेशनवर आलेली अमेरिकेची लाल ज्वारी. "थापायला धड नाही, गिळायला धड नाही," असं आई अजून सांगते. अमेरिकेतली सर्वांत जास्त ज्वारी याच राज्यात पिकते आणि बरीचशी गुरांच्या खाद्यात नि इथेनॉलमध्ये जाते. ताट ठेंगणं, म्हणजे कंबाइनने सपासप कापता येतं. आमच्या मंगळवेढ्याची मालदांडी उंच, कारण तिथे कडब्यालाही दाण्याइतकाच मान.

मागच्या वर्षी माझं फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, ९ आलं, फारच कमी. घरच्या ग्रुपवर सांगितलं आणि चूक केली. "ज्वारी खा, लोहच लोह! गोळ्या गरम पडतात." २०२३च्या भरडधान्य वर्षापासून हे फारच वाढलंय. सरकारने 'श्री अन्न' म्हटलं आणि ज्वारी एकदम औषध झाली. पण भाकरीवर वाढलेल्या महाराष्ट्रातच २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, त्याचं काय?

शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण ४ मिलिग्रॅम लोह असतं. कणकेतही जवळपास तेवढंच. बाजरीत साडेसहाच्या आसपास, पांढऱ्या तांदळात एकाहूनही कमी. म्हणजे भात सोडून भाकरीवर आलात तर फायदा, पोळी सोडून आलात तर लोहाच्या हिशेबात फारसा फरक नाही.

मला खरा धक्का दुसऱ्याच आकड्याने दिला. भारतात बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह हवं म्हणतात, अमेरिकेत १८. विमानात बसून माझी गरज अकराने कशी कमी झाली? तर भारतीय जेवणातलं सुमारे ८ टक्केच लोह अंगी लागतं असं धरलंय, इथल्या जेवणातलं १८ टक्के. इथे मांस जास्त. आपल्या धान्य-डाळींतलं फायटेट नावाचं द्रव्य लोहाला धरून ठेवतं, आणि वर आपण जेवणाला लागूनच चहा ढोसतो, तोही लोह अडवतो. ग्रुपवर चहाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

इथे मैद्यात १९४०च्या दशकापासून लोह घालतात, कुणी त्यावर भांडत नाही. आपल्याकडे लोह घातलेला तांदूळ म्हटलं की एक बाजू "प्लास्टिकचा तांदूळ" ओरडते, दुसरी भाकरीचे गोडवे गाते, आणि रेशनवर ज्वारी नियमित मिळावी हा साधा मुद्दा मागे पडतो.

मी गोळी घेते, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दिवसाआड. भाकरीही खाते: लिंबू पिळलेली मटकीची उसळ, हिरव्या मिरचीचा ठेचा, चहा दोन तासांनी. पीठ ग्लूटेन-फ्रीच्या कपाटातलं, एवढंसं पाकीट नि किंमत बघवत नाही, त्यातून बहुतेक वेळा विरी गेलेलं, म्हणजे जुनं होऊन चिकटपणा गेलेलं. उकळत्या पाण्यात मळलं तरी कडा फाटतात. परवा एक फुगली. लगेच व्हिडिओ कॉल लावला.

आईने चष्मा लावून बघितलं. "मिलोची का गं?"


"नाही, पांढरी आहे."

"मग खा," म्हणाली.